दुष्काळपीडितांच्या पिठास सोयाबीनची जोड : एक विवेचन व विनंती

दुष्काळनिवारणाच्या कार्यास धान्य, पैसा व श्रम यांचे साहाय्य करणाऱ्या नाशिक जिल्ह्यातील व्यापारी, बागाइतदार व इतर दाते मंडळींच्या मनात एक प्रश्न साहजिकच येतो. तो असा की, आपण दिलेले धान्य भुकेल्याच्या पोटात गेल्यावर त्याचे पुढे काय होते? किती क्विंटल धान्य वाटले याचा आकडा अहवालात असतो. त्या धान्याने किती जणांच्या अंगी बळ आले याचा आकडा कोणत्याच अहवालात नसतो. वास्तविक पोट भरणे आणि शरीराचे पोषण होणे या दोन गोष्टी एक नव्हेत. भाकरीने भूक भागते. परंतु नुसत्या भाकरीवर महिनोन् महिने राहिलेल्या मुलाची वाढ खुंटते, बाळंतिणीची शक्ती जाते, आणि साधा खोकलाही जीवावर बेततो. ही उणीव थोड्या खर्चात भरून काढण्याचा एक उपाय आपल्याच जिल्ह्याच्या शेतांत उभा असतो व आपल्याच बाजारांतून तेलगिरण्यांकडे निघून जातो. तो उपाय म्हणजे सोयाबीन. त्याचे गुण कोणते, दोष कोणते, आणि दुष्काळी अन्नछत्रात त्याचा उपयोग कसा करावा, हे दात्यांपुढे मांडण्यासाठी हा लेख लिहिला आहे.

नुसत्या धान्याचा जुना धडा

१८७६ ते १८७८ या काळातील महादुष्काळाची आठवण दख्खनेत अजून पुसलेली नाही. १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांच्या शिफारशीवरून मुंबई व मद्रास इलाख्यांतील दुष्काळी कामांवर राबणाऱ्या गड्याची मजुरी दिवसास एक रत्तल धान्य व थोडेसे पैसे इतकी खाली आणण्यात आली. मद्रास इलाख्याचे आरोग्यखात्याचे प्रमुख डॉक्टर कॉर्निश यांनी याविरुद्ध जोराची तक्रार केली. धान्याचे माप तर अपुरे आहेच, परंतु नुसत्या धान्यावर कष्टकरी शरीर टिकत नाही, त्याच्या जोडीस डाळ वगैरे प्रथिनयुक्त अन्न पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. पुण्याच्या सार्वजनिक सभेनेही जिल्ह्याजिल्ह्यांतून हकीकती गोळा करून सरकारपुढे मांडल्या. पुढे मजुरीचे माप वाढविण्यात आले. पण तोपर्यंत असंख्य माणसे खंगून गेली होती.

त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, १९७२ च्या दुष्काळात, चित्र पुष्कळ पालटले होते. रस्ते, पाझर तलाव व बंडिंग यांच्या कामांवर लाखो मजूर होते. परदेशातून आलेली मिलो नावाची तांबडी ज्वारी रेशनवर मिळत होती. आणि कामावरच्या माणसांस व मुलांस सुकडी वाटली जात होती. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांच्या तोंडी सुकडीचे नाव अद्याप आहे. धान्याबरोबर काहीतरी अधिक पौष्टिक द्यावे लागते, हे तत्त्व त्या वेळेस मान्य झाले होते. त्याच सुमारास जगातील मदतसंस्थाही याच निष्कर्षास आल्या होत्या. १९६६ पासून अमेरिकेतून परदेशी मदतीसाठी मका, सोयाबीन व दुधाची भुकटी यांचे मिश्रण पाठविले जाऊ लागले. त्यात जवळजवळ पावभाग सोयाबीनचे पीठ असे. जागतिक अन्न कार्यक्रमाकडून आजही दुष्काळी व युद्धग्रस्त प्रदेशांत मका किंवा गहू यांच्याशी सोयाबीन मिसळलेले पीठ वाटले जाते.

सोयाबीनच्या दाण्यात काय आहे

सोयाबीन हे दिसण्यात कडधान्य असले तरी गुणाने इतर कडधान्यांहून निराळे आहे. तुरीच्या किंवा हरभऱ्याच्या डाळीत १०० भागांस २० ते २२ भाग प्रथिने असतात. गव्हात, ज्वारीत व बाजरीत १० ते १२. तांदळात ७ ते ८. सोयाबीनमध्ये ती ३६ ते ४३ भाग असतात. शिवाय त्यात २० भागांच्या आसपास तेल असते. यामुळे १०० ग्रॅम सोयाबीनपासून ४०० हून अधिक उष्मांक मिळतात, तर तितक्याच ज्वारी-बाजरीपासून सुमारे ३५० मिळतात. लोह व कॅल्शियम ही द्रव्येही त्यात तृणधान्यांपेक्षा पुष्कळ अधिक आहेत.

परंतु प्रथिनांचा विचार केवळ मापाने करून भागत नाही. प्रथिने ही अनेक घटकांची बनलेली असतात, आणि त्यांपैकी काही घटक शरीरास स्वतः तयार करता येत नाहीत. ते अन्नातूनच यावे लागतात. त्यांपैकी लायसीन नावाचा घटक ज्वारी, बाजरी, मका व गहू या सर्वांत उणा असतो. तो उणा पडला की, बाकीचे घटक कितीही असले तरी त्यांचा पुरता उपयोग होत नाही. सोयाबीनमध्ये लायसीन भरपूर आहे. उलट सोयाबीनमध्ये मेथिओनिन नावाचा घटक थोडा कमी पडतो, व तो धान्यांत पुरेसा असतो. एकाच जुवाला जुंपलेले दोन बैल जसे एकमेकांची ओढ सांभाळून घेतात, तसे हे दोन्ही दाणे एकत्र आले म्हणजे एकाची उणीव दुसरा भरून काढतो. आपल्याकडील भाकरी-पिठले किंवा वरण-भात यांच्या जोडीत हेच शहाणपण आहे. मात्र टंचाईच्या दिवसांत ताटातून प्रथम नाहीशी होते ती डाळच. कारण ती महाग होते. अशा वेळी डाळीचे काम पिठातच करून घेणे हा सुरक्षित मार्ग होय.

याचा हिशेब करून पाहावा. एक किलो बाजरीच्या पिठात सुमारे ११० ग्रॅम प्रथिने असतात. त्याऐवजी ९०० ग्रॅम बाजरी व १०० ग्रॅम सोयाबीन असे मिश्रण केले, आणि सोयाबीनमध्ये ३८ टक्के प्रथिने धरली, तर तोच आकडा १३७ वर जातो. म्हणजे सुमारे एक चतुर्थांश वाढ होते. लायसीनचे प्रमाण तर जवळजवळ दीडपट होते. ज्या मुलाच्या वाट्यास दिवसाला १५० ग्रॅम पीठ येते, त्यास साडेसोळा ग्रॅमऐवजी साडेवीस ग्रॅम प्रथिने मिळतात, आणि तीही अधिक उपयोगी पडणारी. भाकरीचा आकार तोच, चूल तीच, थापणारा हात तोच; फरक केवळ पिठाचा.

आपल्या भागातील पूर्वीचे प्रयत्न

सोयाबीन हा परका दाणा आहे, त्यास कोण खातो, असा आक्षेप कधीकधी ऐकू येतो. वस्तुतः कुमाऊँच्या डोंगरात भट्ट या नावाने काळे सोयाबीन पिढ्यान् पिढ्या खाल्ले जाते, आणि नागभूमी, मेघालय व सिक्कीम येथे ते आंबवून कालवणास घालण्याची जुनी रीत आहे. महाराष्ट्रीय माणसाचाही या दाण्याशी संबंध आजचा नव्हे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड हे मूळचे आपल्याच जिल्ह्यातील, मालेगाव तालुक्यातील कवळाणे गावचे. १८६३ साली त्यांचा जन्म तेथे झाला. त्यांच्या कारकीर्दीत, विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात, बडोदे संस्थानात सोयाबीनच्या प्रसाराचा प्रयत्न झाला, आणि काळे या लेखकाचा सोयाबीनची लागवड व आहारातील उपयोग यांवरील मोठा इंग्रजी ग्रंथ १९३६ साली बडोद्यास प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास, १९३५ साली, महात्मा गांधींनी वर्ध्याच्या मगनवाडीत आश्रमीयांच्या जेवणात सोयाबीनचा प्रयोग करून पाहिला, व त्याविषयी ‘हरिजन’ पत्रात लिहिले. गरिबास परवडेल असे पौष्टिक अन्न कोणते, हाच त्यांच्या शोधाचा विषय होता.

तथापि त्या काळी हा दाणा महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरात रुजला नाही. पुढे १९६७ साली सोयाबीनवरील अखिल भारतीय संशोधन प्रकल्प सुरू झाला, सुधारित वाण निघाले, आणि मध्य प्रदेशातून हे पीक महाराष्ट्रात पसरले. पुण्याची आघारकर संशोधन संस्था व राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी आपल्या भागास योग्य असे वाण काढले. आज मध्य प्रदेश व महाराष्ट्र ही सोयाबीन पिकविणारी देशातील दोन अग्रगण्य राज्ये आहेत. नाशिक जिल्ह्यातही निफाड, येवला, सिन्नर, चांदवड, दिंडोरी या तालुक्यांत खरिपात हे पीक घेतले जाते, आणि लासलगाव, विंचूर, निफाड येथील बाजारांत त्याचे लिलाव होतात. परंतु ते पिकते ते गिरणीसाठी. तेल निघते, पेंड कोंबड्यांच्या खाद्यास किंवा परदेशी जाते, आणि ज्याच्या शेतात हा दाणा पिकला त्याच्या घरी तो बहुधा शिजत नाही. कांद्याच्या गावात कांदा सर्वांच्या ताटात असतो. सोयाबीनच्या गावात मात्र सोयाबीन ताटात दिसत नाही, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

कच्चे सोयाबीन खाऊ नये

येथे एक इशारा स्पष्टपणे देणे अवश्य आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये असे एक द्रव्य असते की, जे आतड्यातील प्रथिने पचविणाऱ्या रसास अडवून धरते. १९१७ साली ऑसबोर्न व मेंडेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, कच्च्या सोयाबीनवर ठेवलेल्या उंदरांची वाढ नीट होत नाही. तेच सोयाबीन शिजवून दिले म्हणजे वाढ होते. पुढे १९४५ साली कुनिट्झ यांनी हे द्रव्य शुद्ध रूपात वेगळे काढले. उष्णतेने ते निकामी होते. म्हणून नुसते दळून आणलेले कच्चे सोयाबीन पिठात मिसळणे म्हणजे दान देऊन अपाय विकत घेणे होय. भाकरी तव्यावर भाजली जाते हे खरे. परंतु तेवढ्या थोड्या वेळाच्या उष्णतेवर भरवसा ठेवू नये.

योग्य कृती अवघड नाही. दाणे निवडून, खडे व डागी दाणे काढून घ्यावेत. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळ उकळू द्यावे, आणि दाणे त्या उकळत्या पाण्यातच सोडावेत. थंड पाण्यात दळले किंवा वाटले असता दाण्याला जो उग्र वास सुटतो, तो यामुळे येत नाही. पुष्कळ घरांत हा दाणा नावडता होण्यास तो वासच कारण होतो. पाऊण तासाच्या आत, साधारण पंचवीस ते तीस मिनिटे उकळल्यावर दाणे उपसून, निथळून, कडक उन्हात खडखडीत वाळवावेत. मग हाताने चोळून व पाखडून टरफले काढावीत. असे वाळलेले दाणे धान्यात एकास नऊ या प्रमाणात मिसळून नेहमीच्या पिठाच्या गिरणीतून दळून घ्यावेत. नुसते सोयाबीन दळल्यास त्यातील तेलामुळे जात्यात पीठ चिकटते. धान्यासह दळल्यास ती अडचण येत नाही. तेल असल्यामुळे हे पीठ फार दिवस ठेवल्यास खवट होते, सबब दोन-तीन आठवडे पुरेल इतकेच एका वेळी दळावे. वाळविलेला दाणा मात्र कोरड्या जागी कित्येक महिने टिकतो.

आणखी दोन गोष्टी देणगीदारांनी कृपा करून ध्यानात ठेवाव्यात. पेरणीसाठी औषध चोळलेले उरलेले बियाणे कोणत्याही स्थितीत अन्नासाठी देऊ नये. धुतल्याने त्यातील विष जात नाही. तसेच गुरांच्या व कोंबड्यांच्या खाद्यासाठी काढलेली पेंड माणसांस देऊ नये. माणसांच्या खाण्यासाठी स्वच्छतेने तयार केलेले तेलविरहित सोयापीठ किंवा सोयाच्या वड्या मिळतात. त्यांत प्रथिने जवळजवळ अर्धी असतात, आणि त्या कालवणात घालण्यास उत्तम.

गुण किती व मर्यादा कोणत्या

सोयाबीनविषयी बाजारात अतिशयोक्तीही पुष्कळ आहे; दात्यांस खरे तेवढेच सांगणे हे कर्तव्य होय. सोयाबीनच्या प्रथिनांनी रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल सुमारे तीन ते चार टक्क्यांनी उतरते, असे अनेक तपासण्यांच्या एकत्रित अभ्यासांत दिसते. हा लाभ खरा पण माफक आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध खात्याने १९९९ साली दररोज २५ ग्रॅम सोयाप्रथिने हृदयास हितकारक असल्याचा दावा मान्य केला होता; पुराव्यांत एकवाक्यता नसल्याने तो मागे घ्यावा असा प्रस्ताव त्याच खात्याने २०१७ साली मांडला. यात पिष्ट अल्प असल्यामुळे रक्तातील साखर चटकन वाढत नाही, म्हणून मधुमेह्यांस हा दाणा सोयीचा आहे. सोयाबीनने पुरुषांचे पौरुष घटते असा एक प्रवाद आहे. नेहमीच्या आहारातील प्रमाणात तसे होत असल्याचे तपासण्यांत आढळलेले नाही.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. त्यातील लोह शरीरात सहज शोषले जात नाही. जेवणात लिंबू, आवळा किंवा कच्चा टोमॅटो असल्यास ते अधिक शोषले जाते. जीवनसत्त्व बी-१२ यात नाही, म्हणून दूध किंवा अंडे शक्य असेल तेथे द्यावेच. काही थोड्या मुलांस सोयाबीन सोसत नाही. अंगावर गांधी उठल्यास किंवा उलट्या झाल्यास ते बंद करावे. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी व सोयाबीनचे जेवण यांत काही तासांचे अंतर ठेवावे. सहा महिन्यांखालील बालकास आईच्या दुधाखेरीज काहीच देऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचे हे की, जे मूल अगदी अस्थिपंजर झाले आहे किंवा ज्याच्या पायांवर सूज आली आहे, त्यास कोणतेही पौष्टिक पीठ घरच्या घरी चारू नये. त्यास तत्काळ सरकारी रुग्णालयाच्या पोषण पुनर्वसन केंद्रात न्यावे. अशा मुलास पहिल्या दिवसांत फाजील प्रथिने दिल्याने अपाय होतो.

सोयाबीन धान्याची जागा घेऊ शकत नाही, हेही विसरता कामा नये. पोटात पुरेसे धान्य नसेल तर शरीर प्रथिनेच जळणासारखी जाळून टाकते. प्रथम पोटभर भाकर, आणि त्या भाकरीत सोयाबीन, असा हा क्रम आहे.

खर्चाचा हिशेब

आता पैशाची बाजू पाहू. २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी केंद्र सरकारने जाहीर केलेला किमान आधारभाव क्विंटलला सोयाबीनचा ५,३२८ रुपये, तुरीचा ८,००० रुपये व बाजरीचा २,७७५ रुपये आहे. या भावांनी एका रुपयाच्या तुरीतून पावणेतीन ग्रॅम, तर एका रुपयाच्या सोयाबीनमधून सात ग्रॅम प्रथिने मिळतात. एक क्विंटल बाजरीतील १० किलो काढून त्याजागी १० किलो सोयाबीन घातल्यास दाण्याच्या किमतीत अवघी २५५ रुपयांची वाढ होते. उकळण्याचे जळण व वाळविण्याची मजुरी तेवढी निराळी. म्हणजे किलोमागे सुमारे अडीच रुपयांत पिठाचे सत्त्व पालटते.

यात आणखी एक लाभ आहे. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा बाजारभाव आधारभावाच्या खाली उतरला, आणि शेतकऱ्यांस मोठी झळ पोहोचली. दुष्काळनिधीतून आपल्याच तालुक्यातील सोयाबीन आधारभावाने घेतल्यास एकाच रुपयाने शेतकऱ्यास आधार मिळतो व उपाशी मुलाच्या मुखी सकस घास जातो. मात्र ही खरेदी सुगीतच झाली पाहिजे. सोयाबीन हे पावसावरचे पीक आहे. दुष्काळ पडल्यावर तेही बुडते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पावसाने दीर्घ ओढ दिली, खरीप करपला, आणि ३१ ऑक्टोबर रोजी राज्य शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत आपल्या जिल्ह्यातील मालेगाव, सिन्नर व येवला हे तालुके होते. आग लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही. बऱ्या वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास घेतलेला दाणाच वाईट वर्षी कामास येतो.

विनंती

यास्तव सर्व उदार गृहस्थांस पुढीलप्रमाणे नम्र विनंती आहे.

व्यापारी मंडळींनी हंगामात आपल्या खरेदीतील काही गोण्या स्वच्छ, कोरड्या व बिनऔषधी सोयाबीनच्या, दुष्काळी अन्नछत्रांसाठी बाजूस काढून आपल्या वखारीत ठेवाव्यात. दाण्यातील ओल १२ टक्क्यांहून अधिक नसावी. नाहीतर बुरशी धरते.

जमीनदार व बागाइतदार यांनी खळ्यावरच एकरामागे यथाशक्ति वाटा द्यावा. पूर्वी खळ्यावरून बलुतेदार व भिक्षेकरी रिकाम्या हाताने परत जात नसत. हा वाटा त्याच रीतीचा समजावा. ज्यांच्या घरी मोठी पातेली, चुली व वाळवणाची अंगणे आहेत, त्यांनी ती या कामास द्यावीत. गावातील महिला मंडळांकडे दाणे उकळून वाळविण्याचे काम दिल्यास टंचाईच्या दिवसांत तितक्या घरांस मजुरीही मिळेल.

रोख देणगी देणाऱ्यांनी आपल्या रकमेचा काही भाग पिठात सोयाबीन मिसळण्याकडे लावावा, असे देणगीपत्रावर लिहून द्यावे. म्हणजे धान्याच्या खरेदीत ही बाब मागे पडणार नाही.

आणि सर्वांनी आपल्या स्वतःच्या घरच्या दळणातही, उकळून वाळविलेले सोयाबीन, दहात एक या प्रमाणात मिसळून पाहावे. जे अन्न देणारा स्वतः खातो तेच घेणाऱ्यास मानाचे वाटते. गरिबांचे म्हणून वेगळे काढलेले अन्न, कितीही पौष्टिक असले तरी, लोक मनापासून स्वीकारत नाहीत. हा दाणा प्रथम आपल्या ताटात आला, तर दुष्काळाच्या वर्षी तो दुसऱ्याच्या ताटात वाढताना दात्यास संकोच वाटणार नाही, आणि घेणाऱ्यासही कमीपणा येणार नाही.

दुष्काळ टाळणे माणसाच्या हाती नाही. दुष्काळात काय वाढावे हे मात्र पुष्कळ अंशी आपल्या हाती आहे. सुगीचे दिवस जवळ येतील तेव्हा या विनंतीचे स्मरण असावे, इतकीच प्रार्थना.